रशियन क्रियापदं पाठ आहेत, पण ऐकताना ओळखू येत नाहीत: नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

तक्रार बहुतेकदा अशीच येते. यादी पाठ आहे. 'पिसाऽत्य' म्हणजे लिहिणे, 'इस्काऽत्य' म्हणजे शोधणे, 'प्लतीऽत्य' म्हणजे पैसे देणे. मधल्या रात्री उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण कुणी रशियन माणूस बोलू लागला की नामं कळतात, विशेषणं कळतात आणि नेमकं क्रियापद निसटतं. मग आणखी शे-दीडशे क्रियापदांची ऑडिओ यादी डाउनलोड होते. ती लोकलमध्ये, स्वयंपाक करताना, झोपण्याआधी कानात वाजत राहते. थोडे दिवस बरं वाटतं आणि नवा धडा, नवा आवाज, नवी क्लिप आली की परत तेच.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबई विद्यापीठाच्या रशियन विभागात रीतसर शिकणाऱ्यांना हे होतं, मेडिकलसाठी रशियाला जायच्या तयारीत घरी बसून शिकणाऱ्यांना तर हमखास. उलट गोव्यात मोरजी-हरमलकडे रोज रशियन पर्यटकांशी व्यवहार करणाऱ्या माणसाला कोशातलं एकही क्रियापद सांगता येणार नाही कदाचित, पण 'स्कोऽल्क स्तोऽइत?' कानावर पडलं की भाव विचारताहेत हे त्याला क्षणात कळतं. या दोघांमधला फरक लक्षात घेतला की निम्मं निदान झालं. पहिल्याने क्रियापदाचं कोशातलं रूप शिकलंय, दुसऱ्याने तोंडातलं.

या लेखात रशियन शब्द मुद्दाम देवनागरीत दिले आहेत, तेही कागदावर दिसतात तसे नाही तर कानाला लागतात तसे. प्रश्न कानाचा आहे, आणि सिरिलिक, म्हणजे रशियन लिपी, समोर आलं की डोळा मदतीला धावतो. 'ऽ' ही खूण जिथे आघात, म्हणजे बोलताना दिलेला जोर, आहे तिथे. 'ज़' म्हणजे इंग्रजी झेडसारखा. शेवटचा 'त्य' हा 'त'च, फक्त जीभ टाळूकडे सरकवून मऊ केलेला.

आधी नेमकं काय बिघडलंय ते तपासा

अर्ध्या-पाऊण मिनिटाची एक क्लिप घ्या, जिचा मजकूर लिहिलेला मिळेल. मजकूर न बघता ऐका आणि फक्त क्रियापदं लिहा, देवनागरीत, जशी ऐकू येतील तशी. अर्थ कळला नाही तरी आवाज लिहा. तीनदा ऐकून झालं की मजकूर उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

वाचूनही क्रियापद कळलं नाही, तर तो शब्दच तुमच्याकडे नाही. हा प्रश्न साधा आहे, शब्द शिका, पुढे चला. वाचल्याबरोबर 'अरे, हे तर मला येतं' असं झालं, तर ती या लेखातली गोष्ट. आणि तिसरा प्रकार जास्त फसवा आहे: क्रियापद ऐकू आलं, ओळखलंही, पण कुणी केलं, झालं की चाललंय, आत गेला की बाहेर, हे उलटंपालटं झालं. तो प्रकार स्वतःच्या लक्षातही येत नाही, कारण कळलं असंच वाटत असतं. म्हणून लिहून ताडून बघायचं. नुसतं ऐकून 'साधारण कळलं' म्हणणाऱ्यांचा तिसरा प्रकार वर्षानुवर्षं तसाच राहतो.

सर्वांत मोठं कारण: आघात हलतो आणि स्वर बदलतात

रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' हा 'ओ' राहत नाही, 'अ' होतो. आघात नसलेला 'ये' आणि 'या' हे 'इ'कडे झुकतात. एवढं पहिल्याच धड्यात सांगितलेलं असतं. त्याचा क्रियापदांवर काय परिणाम होतो हे मात्र कुणी बसवून सांगत नाही.

'बघणे' हे क्रियापद घ्या. कोशरूप 'स्मत्र्येऽत्य', मी बघतो 'स्मत्र्यूऽ', तू बघतोस 'स्मोऽत्रिष'. कागदावर तिन्हींत तेच अक्षर आहे. कानाला पहिल्या दोनांत 'स्म', तिसऱ्यात ठसठशीत 'स्मो'. 'शकणे' याचं 'मगूऽ' (मी शकतो) आणि 'मोऽझिष' (तू शकतोस). यात साम्य म्हणून फक्त 'म' उरला. यादीत तुम्ही 'मोऽच्य' पाठ केलंय. आता 'मगूऽ' ऐकल्यावर ते कुठून आठवणार?

छापील रशियनमध्ये आघाताची खूण नसते. ती पाठ्यपुस्तकांत आणि कोशांत असते, बाकी कुठे नाही. 'यो'वरचे दोन ठिपकेही छपाईत बहुतेकदा गाळतात. त्यामुळे डोळ्याने शिकलेल्या क्रियापदात आघाताची माहितीच नसते, आणि कानाला सगळ्यात आधी लागतो तो आघात.

मराठीत असा आघात नाही, म्हणून आपल्याला तो अवघड जाईल असं समजतात. मला ते पटत नाही. रशियन आघात हा मुख्यतः लांबीतून ऐकू येतो: आघाताचं अक्षर लांब आणि स्पष्ट, बाकीची आखूड आणि पुसट. आखूड-लांब ओळखायला आपण शाळेत वृत्तं शिकताना शिकलोच आहोत. तेव्हा क्रियापदावर सरळ लगावली लिहा, आखुडाला 'ल', लांबाला 'गा'. 'मगूऽ' म्हणजे ल-गा. 'मोऽझिष' म्हणजे गा-ल. 'चिताऽयु' (मी वाचतो) म्हणजे ल-गा-ल.

लगावली लिहायला लागलात की दिसेल, वर्तमानकाळात क्रियापदं तीनच चालींची आहेत. काहींचा आघात धातूवर पक्का, 'चिताऽयु, चिताऽयिष, चिताऽयित', सगळीकडे ल-गा-ल. काहींचा प्रत्ययावर पक्का, 'गवर्यूऽ, गवरीऽष, गवरीऽत', सगळीकडे ल-ल-गा. आणि तिसरी चाल छळणारी: 'मी'च्या रूपात आघात शेवटी आणि 'तू'पासून पुढे सगळीकडे धातूवर. 'पिषूऽ', पण 'पीऽषिष, पीऽषित, पीऽषुत'. म्हणजे ल-गा, आणि मग गा-ल, गा-ल, गा-ल. ऐकताना हरवणारी रोजच्या वापरातली बरीच क्रियापदं या तिसऱ्या चालीची निघतात. अपवाद एकच लक्षात ठेवा, 'हवं असणे': 'खचूऽ, खोऽचिष, खोऽचित', आणि अनेकवचनात परत शेवटी, 'खतीऽम, खतीऽति, खत्याऽत'.

आघात चुकला तर नुसता उच्चार वाईट होतो असं नाही, अर्थ जातो. 'प्लाऽचु' म्हणजे मी रडतोय, 'प्लचूऽ' म्हणजे मी पैसे देतो. हॉटेलात बिल आल्यावर हा फरक कामाचा. 'स्तोऽइत' म्हणजे किंमत आहे, 'स्तइऽत' म्हणजे उभा आहे. 'उज़्नयूऽ' म्हणजे मी ओळखतोय, 'उज़्नाऽयु' म्हणजे मी माहिती काढीन. एक आत्ताचं, एक पुढचं, अक्षरं अगदी तीच. 'स्मोऽत्रिति' म्हणजे तुम्ही बघता आणि 'स्मत्रीऽति' म्हणजे बघा!

भूतकाळात आणखी एक खोच आहे. छोट्या, जुन्या, रोजच्या क्रियापदांत स्त्रीलिंगी रूपाचा आघात शेवटी उडी मारतो: 'बिल' (होता) पण 'बिलाऽ' (होती), आणि अनेकवचनात परत 'बीऽलि'. तसंच 'झिलाऽ' (राहत होती), 'स्पलाऽ' (झोपली होती), 'पनिलाऽ' (समजली), जिथे पुरुषाचं रूप 'पोऽनिल' आहे. भूतकाळात लिंग येतं, पुरुष येत नाही, हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. 'गेला-गेली-गेलं' आपलंच आहे, आणि दोन्हीकडे मध्ये 'ल' येतो. मुळं निराळी असतील, कानाची सोय तर होते. 'ल' आणि पुढे 'आ' ऐकू आला की (आपल्या 'गेला'च्या उलट) करणारी बाई आहे, हे प्रतिक्षिप्त व्हायला हवं. इंग्रजीतून रशियन शिकणाऱ्याला यासाठी मेहनत घ्यावी लागते, तुम्हाला नको.

धातूच बदलतो तेव्हा

आघातानंतर दुसरा क्रमांक व्यंजनबदलाचा. 'पिसाऽत्य' मधला स 'पिषूऽ' मध्ये ष होतो. 'स्कज़ाऽत्य' (सांगणे) चं 'स्कझूऽ'. 'इस्काऽत्य' चं 'इश्शूऽ', हे तर ओळखू येण्यापलीकडचं. 'ल्युबीऽत्य' (प्रेम करणे, आवडणे) चं 'ल्युब्ल्यूऽ', मध्ये एक ल आगंतुकासारखा येऊन बसतो. 'स्पात्य' चं 'स्प्ल्यूऽ' तसंच. 'ब्रात्य' (घेणे) चं 'बिरूऽ', इथे व्यंजनांच्या मध्ये स्वर उगवतो.

एक गट मात्र शिस्तीत बदलतो, तो एकदा कळला की शेकडो क्रियापदं सुटतात. कोशरूप '-अवत्य' ने संपणारी, आणि त्यात परदेशी मुळाची जवळजवळ सगळी नवी क्रियापदं आली, वर्तमानात '-उयु' होतात: 'रिसवाऽत्य' (चित्र काढणे) चं 'रिसूऽयु'. नाचणे, सल्ला देणे, फोटो काढणे, सगळी अशीच. 'दवाऽत्य' (देणे) आणि 'फ्स्तवाऽत्य' (उठणे) मध्ये तर 'व'च गळतो: 'दयूऽ', 'फ्स्तयूऽ'.

या बदलांमुळे क्वचित दोन क्रियापदं एकाच रूपावर येऊन आदळतात. 'लिचूऽ' म्हणजे मी उडतोय, आणि मी उपचार करतोय सुद्धा. 'वझूऽ' म्हणजे मी हाताला धरून नेतो, आणि मी गाडीतून नेतो. इथे कानाचा काही दोष नाही, रशियन माणसालाही पुढच्या शब्दावरूनच कळतं. 'तू'ची रूपं मात्र वेगळी आहेत: 'लितीऽष' उडतोस, 'ल्येऽचिष' उपचार करतोस.

म्हणून कार्ड बदला

उपाय इथेच सांगतो, कारण वरच्या दोन्ही कारणांना तो एकच आहे आणि ज्यांना पुढचं वाचायचं नाही त्यांनी एवढं केलं तरी फरक पडेल.

क्रियापद कोशरूपात ऐकायचं बंद करा. प्रत्येक क्रियापदाची तीन रूपं ऐका: मी, तू, आणि भूतकाळातली ती. 'मी'मध्ये व्यंजनबदल दिसतो, 'तू'मध्ये आघात हलतो का ते कळतं आणि बाकीची वर्तमानातली रूपं त्यावरून निघतात, 'ती'मध्ये भूतकाळाचा आघात कळतो. 'पिषूऽ, पीऽषिष, पिसाऽला.' 'बिरूऽ, बिर्योऽष, ब्रलाऽ.' 'झ्दूऽ, झ्द्योऽष, झ्दलाऽ' (वाट पाहणे). 'वज़्मूऽ, वज़्म्योऽष, व्ज़िलाऽ' हे पूर्ण घेऊन टाकणे, म्हणजे मी घेईन, तू घेशील, तिने घेतलं. लय लागते, मोठ्याने म्हणा. कोशरूप कार्डाच्या कोपऱ्यात बारीक असू दे, शब्दकोशात शोधायला लागतं म्हणून.

अंकी हे कार्डांचं ॲप वापरत असाल तर पुढच्या बाजूला फक्त आवाज, अक्षर एकही नको. आणि आवाज सुट्या रूपाचा नाही, तीन-चार शब्दांच्या वाक्याचा. विक्शनरीत रशियन क्रियापदांचे रूपतक्ते आघाताच्या खुणांसकट मिळतात, लगावली तिथून ताडून घ्या. फोर्वोवर माणसांनी म्हटलेले उच्चार असतात, पण तिथेही कोशरूपापाशी थांबू नका, 'मी'चं रूप शोधा. यंत्राच्या आवाजावर सुटी रूपं करून घेणं टाळा: एकटं 'प्लचु' लिहून दिलं तर रडायचं की पैसे द्यायचे हे यंत्राने कशावरून ठरवावं?

एका बैठकीला सहा-सात क्रियापदं पुष्कळ झाली. घाई कशाला? परदेशी लोकांसाठीच्या रशियन भाषेच्या परीक्षेत अगदी प्राथमिक पातळीला ७८० शब्द धरलेले आहेत, त्यापुढच्या पातळीला १३०० आणि बी-१ या मध्यम पातळीला २३००, तेही सगळे मिळून, फक्त क्रियापदं नव्हे. शंभर-शंभरच्या याद्या ज्या वेगाने लोक कानावरून घालवतात तो वेग कुणी मागितलेलाच नाही.

'त्सा' ने संपणारी

आता मॉस्कोच्या मेट्रोत चला. दारं लागताना प्रत्येक स्टेशनावर एकच वाक्य: 'अस्तरोऽझ्न, द्व्येऽरि ज़क्रिवाऽयुत्सा', म्हणजे जपून, दारं बंद होताहेत. ऐकायच्या सरावाला याहून चांगलं पहिलं वाक्य मला माहीत नाही. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत ते पुरुषाच्या आवाजात येतं आणि मध्यापासून बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईच्या, त्यामुळे तेच क्रियापद दोन आवाजांत आयतं मिळतं. ध्वनिफिती नेटवर भरपूर आहेत.

त्यातला शेवटचा 'त्सा' म्हणजे 'स्वतः'ची क्रियापदं. लिहिताना हे दोन प्रकारे लिहितात, एकदा मऊपणाच्या खुणेसह (करणे) आणि एकदा तिच्याशिवाय (करतो). उच्चार दोन्हींचा एकच. इतका एकच की रशियन लोक स्वतः लिहिताना यात सर्रास चुकतात आणि शाळेत त्यांना 'काय करतो?' की 'काय करायचं?' असा प्रश्न विचारून खूण ठरवायला शिकवतात. तेव्हा कानाने ती खूण शोधू नका, ती तिथे नाहीच. 'न्राऽवित्सा' हे आवडणे पण आणि आवडतं पण. जिथे फरक आहे तिथे तो आघातात किंवा मधल्या स्वरात: 'उचीऽत्सा' शिकणे, 'ऊऽचित्सा' शिकतो, 'ज़निमाऽत्सा' एखादी गोष्ट करत असणे, 'ज़निमाऽयित्सा' करतो.

हा आवाज आपल्याला फुकट मिळालेला आहे. 'चाक' मधला च म्हणजे हाच, आणि 'चहा' मधला च हा रशियनचा दुसरा च. हिंदीवाल्याला हे दोन वेगळे ऐकायला शिकावं लागतं. तसंच 'पिषूऽ' मधला कठोर ष आणि 'इश्शूऽ' मधला लांब मऊ श. आपण ष लिहितो पण बोलताना श करून टाकतो, ती सवय कानातून काढली की झालं.

उलट, जे आपल्याकडे नाही तेही सांगायला हवं. 'गवरीऽत' म्हणजे बोलतो आणि 'गवरीऽत्य' म्हणजे बोलणे, फरक फक्त शेवटचा त कोरडा की मऊ. आणि 'बित्य' दोन आहेत: एक असणे, एक मारणे. असणे मधला स्वर मागे, घशाकडे ओढलेला 'इ' आहे. तो स्वर पकडायचा प्रयत्न केला तर वेड लागेल; त्याच्या आधीचं व्यंजन ऐका. ते कोरडं असेल तर असणे, मऊ, जरा 'ब्यि' सारखं असेल तर मारणे. याच जातीचं 'ज़बीऽला': एका उच्चाराने 'मी विसरले', दुसऱ्याने 'मी ठोकला' किंवा 'गोल मारला'. संदर्भ बहुतेक वेळा वाचवतो, पण सरावाला ही जोडी घ्याच.

सुरुवातीची व्यंजनं एकमेकांना ओढतात, ते थोडक्यात. 'व' पुढच्या कठोर व्यंजनामुळे 'फ' होतो ('फ्स्तवाऽत्य', 'फ्स्पोऽम्नित्य' आठवणे), 'स' हा 'ज़' होतो ('ज़्द्येऽलत्य' करून टाकणे), शेवटचा 'ग' हा 'क' होतो ('मोक' तो शकला). वाटणे या अर्थाच्या 'चूऽस्त्ववत्य' मध्ये लिहिलेला पहिला 'व' कुणीच म्हणत नाही. चार दिवसांत कान सरावतो, यावर फार वेळ घालवू नका.

झालं की चाललंय: जोड्यांचा घोळ

प्रत्येक रशियन क्रियापदाला सहसा जोडीदार असतो, एक अपूर्ण क्रियेचा, एक पूर्ण क्रियेचा. ऑडिओ याद्यांत हे जोडीने म्हणतात: 'द्येऽलत्य–ज़्द्येऽलत्य, रिषाऽत्य–रिषीऽत्य, ब्रात्य–व्ज़्याऽत्य'. पाढ्यासारखं पाठ होतं आणि तिथेच नुकसान होतं. एक ऐकलं की दुसरं आपोआप मनात उमटतं, आणि समोरच्याने दोघांपैकी कुठलं म्हटलं ते पुसून जातं. जोड्या वहीत एकत्र लिहा, कानात एकत्र घालू नका.

त्याऐवजी दोन्ही एका वाक्यात, प्रत्येक आपापल्या कामाला लागलेलं, असं ऐका. 'या दोऽल्ग रिषाऽला ज़दाऽचु इ नकन्येऽत्स रिषीऽला.' मी कितीतरी वेळ गणित सोडवत होते आणि शेवटी सोडवलं. मराठीत 'सोडवत होते' आणि 'सोडवलं' यात जो फरक आहे तो रशियनने एका स्वरात बसवला, 'षा' की 'षी'. आणि आजूबाजूचे शब्द आधीच खूण देऊन ठेवतात: 'दोऽल्ग' (बराच वेळ), 'चाऽस्त' (पुष्कळदा), 'अबीऽच्न' (सहसा) आले की अपूर्णाची अपेक्षा ठेवा, 'नकन्येऽत्स' (शेवटी) किंवा 'व्द्रुक' (अचानक) आले की बहुधा पूर्णाची. सुरू करणे, थांबवणे, चालू ठेवणे यांच्या मागून येणारं क्रियापद नेहमी अपूर्णच असतं, तिथे कानाला निवड करायचीच नसते. 'निल्ज़्याऽ' नंतर मात्र नीट ऐका. 'निल्ज़्याऽ फ्खदीऽत्य' म्हणजे आत यायला मनाई आहे. 'निल्ज़्याऽ वय्तीऽ' म्हणजे आत शिरताच येत नाही, दार लागलंय.

दुसरा सापळा काळाचा. पूर्ण क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो. त्याची वर्तमानासारखी ऐकू येणारी रूपं भविष्यकाळ सांगतात. 'रिषाऽयु' मी सोडवतोय, 'रिषूऽ' मी सोडवीन. तिसऱ्या प्रकारचं 'कळलं असं वाटलं' इथूनच जास्त येतं.

जाणे-येणे

गतीची क्रियापदं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, इथे फक्त कानापुरतं. 'इत्तीऽ' (चालत जाणे) चा भूतकाळ 'षोल, ष्ला' असा आहे, मूळ रूपाशी काही संबंध नाही. त्याला उपसर्ग लागून 'प्रिषोऽल' आला, 'उषोऽल' निघून गेला, 'ज़षोऽल' वाटेत डोकावून गेला, 'दषोऽल' पोहोचला. मोठ्या भागात सगळे सारखे, फरक पहिल्या पुसट अक्षरात, जे आघात नसल्यामुळे नेमकं गिळलं जातं. इथे सराव उलटा करा: धातू सोडून द्या, वाक्यातून फक्त पहिलं अक्षर पकडून लिहा. प्रि, उ, ज़, द. आठ-दहा वाक्यं अशी झाली की धातू आपोआप ऐकू येतो.

'बाहेर' दाखवणारा 'वि' हा मात्र मित्र आहे. क्रिया पूर्ण असेल तर आघात नेहमी त्याच्यावर: 'वीऽषिल' बाहेर पडला, अपूर्ण असेल तर पुढे: 'विखदीऽल' बाहेर पडत होता. आघात 'वि' वर पडूनही अपूर्ण असणारं 'वीऽग्लिदित्य' (दिसणे, भासणे) हे ठळक अपवाद म्हणून वेगळं ठेवा. याच्याइतका भरवशाचा नियम रशियन क्रियापदांत दुसरा क्वचितच सापडेल.

वाहनाने जाण्यातलं सर्वांत प्रसिद्ध रूप १२ एप्रिल १९६१ला वोस्तोक-१ सुटताना गागारिनने उच्चारलं: 'पयेऽखलि!' भूतकाळाचं, अनेकवचनी, पूर्ण क्रियापद, आणि अर्थ 'चला, निघालो!' मराठीतही गाडी सुटायच्या आत आपण 'निघालो' म्हणतोच. हे रूप व्याकरणाच्या तक्त्यातून शिकायला गेलात तर आज्ञार्थ का नाही म्हणून अडाल. ऐकून शिकलात तर अडायला काही नाही.

वेगाबद्दल

यूट्यूबवर वेग ०.७५ करायला हरकत नाही, त्याखाली जाऊ नका. अर्ध्या वेगात आखूड स्वरही लांब होतात आणि आघाताची जी लांबी ऐकायला शिकायची तीच बिघडते. उलट धड्यांमधले सावकाश, स्पष्ट आवाज जन्मभर ऐकत बसलात तरी रस्त्यावरचं कळणार नाही. घाईत 'गवरीऽत' चं 'ग्रीत' होतं, 'ज़्नाऽयिष' (माहितीये ना) चं 'ज़्नाष', 'बूऽदित' (असेल) चं 'बूऽइत'. ही रूपं कुठल्याही यादीत नसतात. रशियन भाषेच्या राष्ट्रीय कॉर्पसमध्ये, म्हणजे भाषेच्या नमुन्यांच्या संग्रहात, जो २००४ पासून नेटवर खुला आहे, बहुमाध्यम विभागात बोलण्याचे तुकडे आणि त्यांचा मजकूर शेजारी मिळतो. हवं ते क्रियापद टाकून निरनिराळ्या माणसांच्या तोंडून ऐकता येतं. थोडं वाचता यायला लागलं की हे साधन ॲपपेक्षा कितीतरी बरं.

एवढं करूनही परत अडलं तर

नव्या धड्यानंतर अडलं असेल, तर नवी क्रियापदं परत कोशरूपात कानात गेली आहेत का ते बघा. जवळजवळ नेहमी तेच निघतं, कारण धड्याची ऑडिओ तशीच येते. त्या धड्यातली तीन-तीन रूपं काढा आणि मगच ऑडिओ लावा.

नव्या माणसाचं बोलणं ऐकताना अडलं असेल, आणि तो आघात नसलेला 'ओ' स्वच्छ 'ओ' म्हणत असेल, 'गवरीऽत' ऐवजी 'गोवोरीऽत', तर तो व्होलोग्दाकडचा किंवा उत्तरेतल्या दुसऱ्या एखाद्या गावातला असण्याची शक्यता आहे. तिथली बोली तशी आहे. ऐका, समजून घ्या, उचलू मात्र नका.

आणि 'फोन करतो' याला कुणी 'ज़्वोऽनित' म्हणालं आणि तुमच्या कोशात 'ज़्वनीऽत' असेल, तर दोन्ही कानात राहू द्या. प्रमाण रूप 'ज़्वनीऽत' आहे, परीक्षेत तेच म्हणा. यावरून रशियन माणसं एकमेकांना अजून टोकतात, तेव्हा निदान या एका क्रियापदाबाबत तुमच्या कानात बिघाड नाही.